आधी वाचक, मग लिहिणारे

ऑक्टोबर २००५ मध्ये चीन सरकारने मुख्य भूमीवर विकिपीडिया बंद केला. चिनी भाषेतला विकिपीडिया तरीही चालू राहिला, कारण तो लिहिणारे कितीतरी लोक तैवान, हाँगकाँग, सिंगापूर आणि अमेरिकेत होते. त्यांच्यावर कसलीच बंदी नव्हती. त्यांचे इंटरनेट चालू होते, फुरसत होती, विषयही तेच होते. तरी त्यांचे लिखाण घटले. मायकेल झांग आणि फेंग झू या संशोधकांनी त्याचा हिशेब केला आणि तो २०११ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त छापून आला. बंदीबाहेर राहिलेल्यांचे योगदान सरासरी ४२.८ टक्क्यांनी घसरले होते. सरळ तर्काने पाहिले तर उलटे व्हायला हवे होते. हातभार लावणारे कमी झाले की उरलेल्यांच्या प्रत्येक ओळीची गरज वाढते. पण आपले लिहिलेले वाचणारी, त्यावर बोलणारी एवढी मोठी गर्दी एकाएकी नाहीशी झाली, आणि लिहिणाऱ्यांचे हातच आखडले. चर्चा पानांवर इतरांशी बोलण्यात जे जास्त रमत, त्यांचे सर्वांत जास्त.

सामूहिक ऑनलाइन ज्ञानकोशांवरचे संशोधन गेली वीस वर्षे साचत आले आहे आणि त्यात पुष्कळ काही वाचण्याजोगे आहे. मराठीच्या दृष्टीने मला त्यातला हा एक निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. विनामोबदला लिहिणाऱ्याला वाचक लागतो. मराठी विकिपीडिया अशक्त राहिला याचा दोष आपण मराठी माणसाच्या आळसाला, कधी टंकलेखनाच्या अडचणींना, तर कधी इंटरनेटला देतो. माझे म्हणणे असे की, वाचक जमवण्याचे काम वगळून आपण थेट लेखक जमवायला निघालो आणि तिथेच घोडे अडले. हे पाहायचे असेल तर पुणे शहर ओलांडून जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड या तालुक्यांकडे यावे लागते.

हे काम कसे करायचे याचे उदाहरण मराठीत शंभर वर्षांपूर्वीच घडले आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले आणि त्यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ हाती घेतला. सरकारी अनुदान नाही, संस्थानिकाचा भरवसा नाही. त्यांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ नावाची कंपनी काढली आणि गावोगाव हिंडून आगाऊ वर्गणीदार मिळवले. खंड छापून होण्याआधीच त्यांची वाट पाहणारी माणसे वऱ्हाडात, खानदेशात, देशावर तयार होती. १९२० च्या दशकात २३ खंड निघाले ते या माणसांच्या बळावर. केतकरांचे पांडित्य सगळेच सांगतात. त्यांनी वाचकांचा समाज आधी बांधला, हे फारसे कोणी सांगत नाही. पुढे वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड आला, तेव्हा पाठीशी राज्य सरकार होते. ते काम थोरच आहे. पण सरकारी पाठबळ आले की वर्गणीदार शोधत फिरण्याची गरज संपते, आणि ती सवय आपल्याकडून सुटली.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. या विकिपीडियावर दरमहा नियमित हात लावणारे सदस्य मात्र काही डझनांतच मोजता येतात. या मूठभरांनी जे उभे केले आहे त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. नोकरी, घर सांभाळून रात्री ‘अलीकडील बदल’ची यादी तपासत बसणारी, कुणी ‘धूळपाटी’ या सरावाच्या पानाऐवजी थेट लेखातच काही गिरवून ठेवले तर न रागावता ते पुसणारी ही माणसे आहेत. त्यांचे नाव कुठे छापले जात नाही.

संशोधकांनी त्यांच्याकडे फार कमी पाहिले आहे. विकिपीडियावरचे बहुतेक अभ्यास इंग्रजी विकिपीडियाचे आहेत, आणि इंग्रजीचे प्रश्न भरल्या घराचे प्रश्न आहेत. प्रीडहॉर्स्की आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की वाचकांच्या नजरेखालून जाणाऱ्या मजकुराचा जवळजवळ निम्मा भाग संपादकांपैकी हजारात एकाने लिहिलेला असतो. हॅफेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की २००७ नंतर इंग्रजीतले सक्रिय संपादक घटत गेले. चांगल्या हेतूने आलेल्या नवख्याची पहिलीच दुरुस्ती कडक नियम आणि स्वयंचलित साधने परतवून लावत होती, आणि असा माणूस पुन्हा फिरकत नव्हता. हे सारे खरे आहे, पण दारात गर्दी असेल तर नवख्याला कसे वागवावे हा प्रश्न पडतो. मराठीत दाराशी कोणी आलेलेच नाही. इंग्रजीचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलून मराठी समुदायाने अधिक स्वागतशील व्हावे, नियम सोपे करावेत, असा उपदेश करणे म्हणजे रोग एकाचा आणि औषध दुसऱ्याला देणे.

शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या एखाद्या गावाचे मराठी विकिपीडियावरचे पान उघडून पाहा. अशा अनेक पानांवर पहिल्या ओळीत गाव कोणत्या तालुक्यात आहे ते असते. मग हवामान, जे शेजारच्या गावाच्या पानावरही शब्दशः तेच असते. त्याखाली मथळे येतात: ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’, ‘नागरी सुविधा’, ‘जवळपासची गावे’. आणि मथळ्यांखाली कोरी जागा. ही पाने ज्यांनी केली त्यांना मी नावे ठेवत नाही. त्यांचा विचार साधा होता. चौकट उभी करून ठेवू, गावातले कोणी येईल आणि भरेल. तो कोणी आला नाही, कारण असे पान आहे हेच गावात कुणाला ठाऊक नाही, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला ते वाचून काही मिळत नाही.

इनामगाव याच शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्या कामातली नावे. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. घरांच्या जमिनी, धान्याचे कणगे, नदीचे पाणी वळवणारा पाट आणि बांध सापडले. मेलेल्या लहान मुलाला दोन मडक्यांची तोंडे जुळवून त्यात ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसाला पुरण्याआधी त्याचे पाय घोट्यापासून तोडत. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या आवारात, चार पाय असलेल्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला एक पुरुष सापडला. त्याचे पाय मात्र तोडलेले नव्हते. तो गावप्रमुख असावा असा तर्क आहे. म्हणजे घोडकाठच्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकजीवनाबद्दल आपल्याला इतके बारीक ठाऊक आहे, आणि आजच्या गावांच्या पानांवर ‘लोकजीवन’ या मथळ्याखाली ओळ नाही. इनामगावचा जाडजूड अहवाल १९८८ मध्ये इंग्रजीत निघाला आणि अभ्यासकांच्या कपाटात गेला. त्याचा पहिला हक्काचा वाचक इनामगावचा होता. त्याच्यापर्यंत तो नेण्याचे काम कोणी आपले मानले नाही.

मार्क ग्रॅहम आणि ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी विकिपीडियाचे नकाशे काढून दाखवले की या ज्ञानकोशात पृथ्वीचे मोठाले भाग जवळजवळ अंधारात आहेत. आफ्रिकेतल्या बहुतेक देशांपेक्षा अंटार्क्टिकावर जास्त लेख होते. हा अंधार नकाशापुरता राहत नाही. स्पेनमधल्या काही लहान शहरांची पाने संशोधकांनी मुद्दाम सुधारली, माहिती आणि छायाचित्रे घातली, आणि पर्यटकांचे हॉटेलमधले मुक्काम सुमारे ९ टक्क्यांनी वाढलेले आढळले. रांजणगावच्या महागणपतीला येणारा माणूस दर्शन घेऊन महामार्गाने तसाच पुढे निघून जातो. मोराची चिंचोली, कुकडीच्या पात्रातले टाकळी हाजीचे कुंड, पाबळची मस्तानीची कबर हे सारे त्याच तालुक्यात आहे, हे त्याला त्याच्या भाषेत सांगणारे धड पान असते तर काय झाले असते, याचा विचार तिथल्या खानावळवाल्यानेही करावा.

लेखक जमवण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच पुणे जिल्ह्यात झाला. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने ‘इंडिया एज्युकेशन प्रोग्राम’ची चाचणी पुण्यात घेतली. अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्राच्या वर्गांतल्या शेकडो विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहायला सांगितले गेले. मुलांनी पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून उतारे उचलून चिकटवले. स्वामित्वहक्कभंगाच्या राशी साठल्या. त्या उपसताना जगभरचे अनुभवी स्वयंसेवक थकले, संतापले, आणि त्याच वर्षी चाचणी गुंडाळावी लागली. तेव्हा बहुतेकांनी निष्कर्ष काढला की आपल्या विद्यार्थ्यांना वाङ्मयचौर्य म्हणजे काय ते शिकवलेलेच नाही, आणि उपक्रमाचा आवाका फार मोठा ठेवला गेला. दोन्ही बरोबर आहे. मला त्यापलीकडचे एक कारण दिसते. त्या विद्यार्थ्याला आपला वाचक कोण हे ठाऊक नव्हते. त्याच्यापुरता वाचक म्हणजे गुण देणारा प्राध्यापक, आणि तोही लेख वाचणार की नुसता शब्द मोजणार याची शंकाच. ज्याला कोणी वाचणार नाही ते माणूस नक्कल करूनच पुरे करतो. पहिली-दुसरीपासून आपण वह्या अशाच भरत आलो आहोत.

पुढेही आपण तेच करत राहिलो. एका दिवसाची कार्यशाळा, संगणक कक्षात तीस-चाळीस नवी सदस्यनावे, चहा, समूहचित्र, वर्तमानपत्रात दोन रकाने. महिन्याने पाहावे तर त्यांतले एखादेच नाव जागे असते. हे उपक्रम घेणाऱ्यांची तळमळ खोटी नसते. पण ‘लिहा’ असे सांगण्याआधी ‘वाचा आणि काय चुकले आहे ते सांगा’ असे कोणी म्हणत नाही. माणूस ज्ञानकोशात पहिल्यांदा शिरतो तो बहुधा चूक पाहून. आपल्या गावाची नदी चुकीची लिहिली आहे हे दिसले की हात शिवशिवतात. त्यासाठी पान आधी वाचले गेले पाहिजे. आणि दुरुस्ती केल्यावर कोणीतरी ती पाहिली पाहिजे. रेस्टिवो आणि व्हान द रिट यांनी २०१२ मध्ये एक सोपा प्रयोग प्रसिद्ध केला. भरपूर काम करणाऱ्या विकिपीडिया संपादकांपैकी काहींना त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून कौतुकाचे एक छोटे चिन्ह दिले, बाकीच्यांना दिले नाही. ज्यांना मिळाले त्यांचे काम इतरांपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त भरले. पैसा नाही, पद नाही. कुणीतरी पाहिले, एवढेच.

आता दुसरी बाजू. वाचक जमले तरी लिहायचे कशाच्या आधारावर?

दौंड तालुक्यातल्या राहू-केडगाव पट्ट्यात गुऱ्हाळे आहेत. चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो, चुलवाणात चिपाड पेटलेले असते. रस तापू लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस त्यात सोडतात. मळी वर येते, ती झाऱ्याने काढतात. आच किती ठेवायची, चिपाड केव्हा थांबवायचे, हे गुळव्या बुडबुड्यांच्या आकारावरून आणि आवाजावरून ठरवतो. काकवीची वेळ गेली की तो थेंबभर पाक गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी वळते का ते बघतो. गोळी कशी वळली यावर ढेप टिकणार की पाझरणार हे ठरते. पाणथळ रानातला ऊस असेल, खत जास्त पडलेले असेल, तर हा अंदाज बदलतो. यातली बरीच गुऱ्हाळे आता उत्तरेकडून आलेली माणसे चालवतात आणि त्यांनी आपली रीत सोबत आणली आहे. म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत एक विद्या बदलते आहे.

हे विकिपीडियावर लिहायला गेले तर पहिला प्रश्न येतो: संदर्भ काय? विकिपीडियाचा नियम आहे की लिहिलेले पडताळता आले पाहिजे आणि लेखकाचे स्वतःचे संशोधन तिथे चालत नाही. गुळव्याचे बोट हा संदर्भ होत नाही. २०११ मध्ये अचल प्रभला यांनी ‘पीपल आर नॉलेज’ हा माहितीपट आणि त्यामागचा प्रकल्प करून हाच प्रश्न जगापुढे मांडला होता. भारतातल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यांतले खेळ, पेये, विधी यांबद्दल जाणत्या माणसांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती घेऊन त्या संदर्भ म्हणून का चालू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. विकिपीडियाच्या समुदायांनी ते सर्वसाधारणपणे स्वीकारले नाही.

इथे माझा कल नियमाकडे आहे, आणि तो वाचकाच्याच बाजूने. कुणाही अनोळखी माणसाने लिहिलेल्या ओळीवर वाचकाने विश्वास ठेवायचा तर ती तपासून पाहण्याची वाट त्याला मोकळी हवी. ‘आमच्या गावात असे म्हणतात’ याला दार उघडले की त्यातून गुळव्याही आत येतो आणि खोट्या वंशावळी रचणाराही. पण नियम योग्य आहे असे म्हणून थांबणे म्हणजे दौंडच्या माणसाला ‘तुझे ज्ञान छापलेले नाही, म्हणून ते नाही’ असे सांगणे. मग ते छापायचे कोणी? १८८५ च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये इथली गावे, बाजार, रस्ते, पिके ब्रिटिश अधिकाऱ्यांनी खुशाल नोंदवली, आणि आज सव्वाशे-दीडशे वर्षांनीही गावावर लिहिणारा तोच संदर्भ चिकटवतो. आपण त्यानंतर या दोन तालुक्यांबद्दल तितक्या चिकाटीने किती नोंदवले? शिरूरच्या, दौंडच्या महाविद्यालयांत मराठी, इतिहास, भूगोल, वनस्पतिशास्त्र शिकवणारे लोक आहेत, दरवर्षी प्रकल्प लिहिणारी मुले आहेत. दहा गुऱ्हाळांवरच्या मुलाखती नाव, गाव, तारखेसह ध्वनिमुद्रित करून, दोन जाणकारांकडून तपासून महाविद्यालयाच्या नियतकालिकात छापल्या आणि कायम टिकेल अशा ठिकाणी खुल्या ठेवल्या, की संदर्भ तयार झाला. ज्ञानकोश हा या साखळीतला शेवटचा दुवा आहे. आधीचे दुवे गाळून आपण शेवटच्या दुव्यावरच्या बिनपगारी माणसाकडून सगळे मागतो आहोत.

अशा कामाची सवय इथे आहेही. याच शिरूर तालुक्यातल्या पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करत शिकायचे ही त्याची रीत. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे उपकरणे बनवण्याची कार्यशाळा, उभी राहिली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली. खेड्यातल्या गरजेतून उपकरण बनवायचे आणि ते कसे बनवले हे जगाला सांगायचे, ही गोष्ट या मातीला परकी नाही एवढे त्यावरून कळते.

वाचक अचानक, एकाच वेळी आणि रागावून आले तर काय होते, तेही याच तालुक्याने पाहिले आहे. कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यात आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इंग्रज कंपनीच्या कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावात तिची पेशव्यांच्या फौजेशी गाठ पडली. तिथून जवळच वढू बुद्रुक, छत्रपती संभाजी महाराजांची समाधी. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस वढूत एका फलकावरून तंटा झाला आणि १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमात हिंसाचार. अशा वेळी लोक ज्ञानकोशात धावतात ते दोनशे वर्षांपूर्वी कोण जिंकले याचा दाखला मागायला. फेब्रुवारी २०२५ मध्ये, ‘छावा’ चित्रपट आल्यावर, इंग्रजी विकिपीडियावरच्या संभाजी महाराजांच्या पानातल्या मजकुरावर लोक संतापले. महाराष्ट्र सायबर या पोलीस यंत्रणेने मजकूर काढण्याची नोटीस पाठवली आणि पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला.

लोकांचा राग मला समजतो. महाराजांबद्दल बखरींतून आणि नाटकांतून जे पसरले होते त्याचा डाग पुसण्यासाठी मराठी संशोधकांनी आयुष्ये घातली. वा. सी. बेंद्रे यांचा ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा चरित्रग्रंथ १९६० मध्ये आला. जवळजवळ चाळीस वर्षे कागद धुंडाळणे त्यामागे होते. डॉ. कमल गोखले यांनी ‘शिवपुत्र संभाजी’ लिहिले. हे काम मराठीत आहे. इंग्रजी पानावर लिहिणारा परभाषक संपादक इंग्रजीत जे हाती लागेल ते लावतो. बेंद्रे आणि गोखले यांचे पुरावे, पृष्ठक्रमांकांसह, त्या पानाच्या चर्चेत मांडायचे काम दुसरे कोण करणार होते? मराठी वाचता येणाऱ्यांनीच. ते काम वर्षानुवर्षे झाले नाही आणि मग एका आठवड्यात पोलिसांकडून करून घ्यायची घाई झाली. गुन्हा नोंदवून एखादे वाक्य जाते, पण त्याच्या जागी बेंद्रे येत नाहीत. उलट ज्याला ते आणता आले असते असा शिरूरचा शिक्षक विचार करतो की आपले नाव कशाला यात. जोनाथन पेनी यांनी २०१६ मध्ये दाखवले की अमेरिकी सरकारच्या पाळतीची बातमी जून २०१३ मध्ये फुटल्यावर दहशतवादाशी संबंधित विकिपीडिया लेख उघडणेसुद्धा लोकांनी लक्षणीय कमी केले. नुसते वाचायला लोक बिचकले. लिहिणाऱ्याचे काय होईल?

भांडणाला भिण्याचे कारण नाही, असेही संशोधन सांगते. २०१९ मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेव्हिअर’मध्ये शी, टेप्लिट्स्की, ड्यूड आणि एव्हान्स यांनी दाखवले की परस्परविरोधी राजकीय मतांच्या संपादकांनी मिळून लिहिलेले लेख एकाच मताच्या मंडळींनी लिहिलेल्यांपेक्षा दर्जाने सरस निघतात. चर्चा लांबते, पण पुराव्याला धरून राहते. कोरेगाव भीमाच्या लढाईवर मराठीत असे पान होऊ शकते, ज्यात पेशव्यांच्या बाजूची कागदपत्रे, कंपनीचे अहवाल, विजयस्तंभावरची नावे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये तिथे दिलेल्या भेटीनंतर त्या जागेला आलेला अर्थ हे सगळे कोण काय म्हणतो या स्वरूपात, शेजारी शेजारी असेल. अट एकच, की दोन्हीकडची माणसे आधीपासून विकिपीडियाच्या ‘चावडी’ या चर्चापानावर बसणारी, एकमेकांची नावे ओळखणारी हवीत. दंगलीच्या दिवशी जमलेल्या गर्दीकडून हे होत नाही.

एवढी यातायात कशाला, यंत्र भाषांतर करून देईल, असे हल्ली पुष्कळ लोक म्हणतात. लेखांची संख्या वाढवणे हाच हेतू असेल तर ते खरेच आहे. फिलिपाइन्समधल्या सेबुआनो भाषेच्या विकिपीडियावर साठ लाखांहून जास्त लेख आहेत, त्यांतले बहुतेक एका स्वीडिश माणसाच्या संगणकीय आज्ञावलीने तयार केलेले. त्या संख्येमागे समुदाय नाही. स्कॉट्स भाषेचा दाखला तर अंगावर काटा आणणारा आहे. त्या भाषेच्या विकिपीडियावरचे हजारो लेख भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने शब्दकोशाच्या आधारे लिहिले होते, आणि २०२० पर्यंत, कित्येक वर्षे, ते तसेच राहिले. ते उघडकीला आणले एका वाचकाने. तोपर्यंत भाषा जाणणाऱ्या कुणी ते लक्षपूर्वक वाचलेच नव्हते. आता तर यंत्रे भाषा शिकतात तीच या पानांवरून. आज जे मराठी आपण तिथे बिनवाचले सोडू, तेच उद्या आपल्याला उत्तर म्हणून ऐकू येईल.

वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांत बायका किती, हाही प्रश्न आहे. २००८ च्या जागतिक पाहणीत विकिपीडियाच्या संपादकांत स्त्रिया सुमारे १३ टक्के निघाल्या. हिल आणि शॉ यांनी पाहणीतल्या त्रुटी दुरुस्त करून तो आकडा १६ च्या आसपास नेला. सुधारलेला आकडाही लाजिरवाणाच आहे. दौंड तालुक्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या, टाकून दिलेल्या मुली खिळे जुळवायला, छापायला, बांधायला शिकल्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून मराठीत केलेले बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, याच हातांनी छापून पुरे झाले. छापील शब्द इथल्या बाईला परका नाही. आज घरचे काम उरकल्यावर मोबाइल हाती येणाऱ्या बाईला गावच्या पानावर काय चुकले आहे ते विचारले, तर ती पाणवठ्यापासून जत्रेपर्यंत सगळे सांगेल. तिला आजवर कोणी विचारलेले नाही, कारण कार्यशाळा महाविद्यालयाच्या संगणक कक्षात होते आणि ती तिथे नसते.

हे सारे तपासता येण्याजोगे आहे, आणि आपल्या विद्यापीठांनी ते तपासावे. शिरूर आणि दौंड तालुक्यांतली काही गावे चिठ्ठ्या टाकून निवडावीत. निम्म्या गावांत नेहमीसारखी लेखन-कार्यशाळा घ्यावी. उरलेल्या निम्म्यांत लिहायला कोणाला सांगूच नये. गावाचे पान मोठ्या अक्षरांत छापून वाचनालयात, ग्रामपंचायतीत, शाळेच्या व्हरांड्यात, बचत गटाच्या बैठकीत लावावे, मोठ्याने वाचून दाखवावे, शेजारी पेन ठेवावे. लोक ज्या चुका खोडतील त्या एका शिक्षकाने संदर्भ शोधून पानावर चढवाव्यात, आणि पुढच्या महिन्यात सुधारलेले पान, ज्याने चूक दाखवली त्याच्या संमतीने त्याच्या नावासह, पुन्हा त्याच भिंतीवर लावावे. वर्षाने दोन्हीकडची पाने काढून बघावीत: किती ओळी टिकल्या, किती संदर्भ आले, किती नवे सदस्य अजून लिहीत आहेत, त्यांत बायका किती. माझा अंदाज दुसऱ्या गटाच्या बाजूचा आहे. तो चुकला तरी हरकत नाही, निदान मराठीबद्दल काहीतरी आपल्या हाती लागेल, इंग्रजीवरून काढलेला तर्क लागणार नाही. आणि जो निष्कर्ष निघेल तो परदेशी नियतकालिकाकडे पाठवण्याआधी मराठीत लिहून मराठी विकिपीडियाच्या चावडीवर ठेवावा, म्हणजे ज्या माणसांवर हा अभ्यास झाला त्यांना तो आधी वाचता येईल आणि त्यातल्या चुका दाखवता येतील.